गुरुवारचा दोन वाजताचा तास

आमच्या कॉलेजच्या मोठ्या जिन्यापाशी एक फोटो लावलेला आहे. खाली सोनेरी अक्षरांत ‘एकत्रित आरोग्य प्रशिक्षण’ असं लिहिलंय. मेडिकलची मुलं-मुली आणि आमच्या नर्सिंगच्या मुली खुर्च्यांवर एकाआड एक बसल्यात. पहिल्या ओळीतली एक मुलगी मात्र उभी आहे. तिच्यामागे तिची खुर्ची रिकामी. पाहुणे हटकून विचारतात, ही एकटीच का उभी? आमच्या प्राचार्या हसून सांगतात, फोटोवाल्यानं घाई केली. मी त्या फोटोसमोर थांबत नाही. गेली दोन वर्षं मी मागच्या जिन्यानं वर जाते. त्याच्या पायऱ्या उंच आहेत, माझे गुडघे कुरकुरतात, तरी मागूनच जाते.

मी नर्सिंग शिकवते. रोज पूर्णेहून गाडीनं परभणीला येते आणि संध्याकाळी परत जाते. शिकवायला लागण्याआधी चौदा वर्षं वॉर्डात काढलीत. स्वभाव तिखट. घरी मला तोफ म्हणतात, आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. होता असंच लिहिते, कारण ज्या दिवशी ती तोफ उडायला हवी होती त्या दिवशी ती उडाली नाही.

हे सगळं सुरू केलं मेडिकलकडच्या एका तरुण डॉक्टरनं. नुकताच शिकवायला लागलेला, बोलताना कानाची पाळी ओढायची सवय. एके दुपारी तो थेट आमच्या स्टाफरूममध्ये येऊन बसला. मेडिकलचा डॉक्टर आमच्याकडे आलेला पाहून आमच्या शिपाईमामांनी घाईघाईनं पंखा लावला. तो म्हणाला, “मॅडम, एकाच पेशंटकडं आमची मुलं सकाळी बघतात, तुमच्या मुली दिवसभर बघतात. आमचा केसपेपर वेगळा, तुमच्या नोंदी वेगळ्या. आमची मुलं तुमच्या नोंदी उघडूनसुद्धा बघत नाहीत. पास होऊन गेल्यावर ती एकमेकांशी काय बोलणार?”

मला तर हे गेली वीस वर्षं कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं. मी त्याला दोन वेळा चहा पाजला.

ठरलं असं, की दर गुरुवारी दुपारी दोन वाजता त्यांच्या सहा जणांनी आणि आमच्या सहा जणींनी एकत्र बसायचं. पेशंट एकच. नियमही एकच. मेडिकलच्या मुलांनी नर्सिंगच्या नोंदी मोठ्यानं वाचायच्या आणि आमच्या मुलींनी डॉक्टरांचा केसपेपर मोठ्यानं वाचायचा. जे वाचून कळणार नाही ते ज्यानं लिहिलंय त्यालाच विचारायचं.

एवढ्या साध्या गोष्टीला चार महिने लागले. पत्र आमच्या प्राचार्यांनी मेडिकलच्या अधिष्ठात्यांना लिहायचं की अधिष्ठात्यांनी प्राचार्यांना, यातच तीन आठवडे गेले. आधी जो लिहील तो लहान ठरणार ना! मग खोली. खोली त्यांची, तर बाकं कुणी पुसायची? दोन कॉलेजांच्या मध्ये एक भिंत आहे आणि भिंतीत लहानसं फाटक. त्याला कायम कुलूप. कारण विचारलं तर वॉचमन म्हणाला, “पैल्यापासून हाय, मॅडम.” पैल्यापासून कसलं, भिंतच मुळी माझ्यादेखत बांधलेली. शेवटी दर गुरुवारी पावणेदोनला कुलूप उघडायचं आणि सव्वातीनला लावायचं असा लेखी आदेश निघाला. तो आदेश मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो.

पहिल्या गुरुवारी मात्र हसू आलं नाही. बारा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मेडिकलची मुलं आली आणि बसली. आमच्या मुली भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. वॉर्डात डॉक्टर असले की नर्सिंगच्या मुलीनं बसायचं नाही, हे त्यांना पहिल्या महिन्यात अंगवळणी पडतं. आणि पाडतं कोण? आम्हीच. मीच. समोर बसलेली ही पोरं अजून डॉक्टर झालीही नव्हती, यांच्याच वयाची होती, तरी माझ्या मुली उभ्या.

“बसा गं,” मी म्हणाले. कुणी हललं नाही. मग एक मुलगी पुढे झाली, खुर्ची ओढली आणि बसली. पदराचं टोक पिळावं तसं ॲप्रनचं टोक हातात पिळत होती, पण बसली. तिचं बघून बाकीच्या पाच बसल्या.

ती सेलूकडची. देवगाव फाट्यापासून आत एक गाव आहे, तिथल्या चार एकरवाल्याची लेक. ॲडमिशनच्या दिवशी वडील सोबत आले होते. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, ही लय कमी बोलती. पण जे बोलती ते खरं राहतंय. तेवढं सांभाळून घ्या.” मी हो म्हणाले. पालकांना आपण शंभर गोष्टींना हो म्हणतो.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारची गोष्ट. येलदरीकडचा एक मासेमारी करणारा माणूस भरती होता. पायाची जखम दीड महिना भरत नव्हती आणि साखर का वाढतेय ते कळत नव्हतं. मेडिकलच्या मुलांनी त्याला रीतसर सगळं विचारलं होतं. काही औषध चालू आहे का? न्हाई जी. केसपेपरवर तसं लिहिलेलं. आमच्या त्या मुलीच्या नोंदी वाचायची पाळी आली तेव्हा मेडिकलच्या एका मुलीनं वाचलं, “रुग्ण रोज सकाळी चहाबरोबर गुडघेदुखीची पुडी घेतो. पुडी आठवडी बाजारातून आणतात. तीन वर्षांपासून.”

वाचता वाचता ती थांबलीच. “हे कुणी सांगितलं?”

“त्याच्या बायकोनं,” आमची मुलगी म्हणाली. “म्या विचारलं, मामा सकाळपासून काय काय खातेत. तर तिनं सांगितलं. त्येंला ते औषध वाटतच न्हाई. ती पुडी हाय.”

त्या पुडीत स्टिरॉइड असतं, त्यानं साखर वाढते आणि जखम भरत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच दिवशी उपचार बदलले. जखम भरायला लागली. आणि पुढच्या गुरुवारी मेडिकलची ती मुलगी आमच्या मुलीच्या शेजारची खुर्ची धरून बसली, म्हणाली, “मला शिकव ना, असं कसं विचारायचं.” आमची मुलगी एवढी लाजली की कानापर्यंत लाल झाली. गाडीत परत येताना मी खिडकीपाशी बसून एकटीच हसत होते. समोरच्या बाईनं विचारलंसुद्धा, घरी काही कार्य आहे का. इतकी सुखी मी नोकरीत कधी नव्हते.

अकरा गुरुवार झाले. मग तास बंद पडला. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. कुणी विरोध केलाच नाही. झालं इतकंच, की तास कुठल्याच रकान्यात बसेना. मेडिकलच्या मुलांची त्या तासाची हजेरी त्यांच्याकडे कोणत्या विषयात धरायची ते ठरेना, म्हणून धरलीच नाही. आमच्या मुलींचा तो तास वॉर्डच्या ड्युटीतून वजा व्हायचा आणि तेवढं काम त्यांना रविवारी भरून द्यावं लागायचं. कॉलेजांची तपासणी जवळ आली तसं दोन्हीकडच्या ऑफिसांनी एकच विचारलं, हा तास टाइमटेबलात कुठं आहे? कुठंच नव्हता. तरुण डॉक्टरची बदली दुसऱ्या गावी झाली. जाताना तो म्हणाला, “मॅडम, मी पुन्हा प्रयत्न करीन.” कानाची पाळी ओढत होता. फाटकाला कुलूप लागलं.

तास बंद करताना आमच्याकडून एक चूक झाली, ती मला फार उशिरा कळली. आम्ही मुलींना बोलायला शिकवलं होतं. आता बोलू नका, असं कुणी सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात सकाळच्या राउंडला विभागातल्या मोठ्या डॉक्टरांनी एका पेशंटला एक इंजेक्शन सांगितलं. आमची ती मुलगी पलंगाशेजारी ट्रे धरून उभी होती. ती म्हणाली, “सर, मागल्या वेळी ह्या इंजेक्शननं त्यांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, तोंड सुजलं होतं. त्यांची बायको सांगत होती. मी नोंदीत लिहिलंय.”

आवाज चढवला नव्हता, मध्ये तोंडही घातलं नव्हतं. गुरुवारी बोलायची तसंच बोलली. मोठ्या डॉक्टरांनी वळून विचारलं, “हा राउंड कोण घेतंय? तू की मी?” राउंडमध्ये मेडिकलची जी मुलं होती त्यांतली चौघं तिच्यासोबत अकरा गुरुवार बसली होती. शेजारची खुर्ची धरणारी ती मुलगीही होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांना तरी काय बोलू? परीक्षा त्याच सरांच्या हातात.

दुपारपर्यंत ते इंजेक्शन गुपचूप बदललं गेलं. आणि संध्याकाळी आमच्या प्राचार्यांकडे तक्रार आली. राउंडमध्ये बेशिस्त वर्तन. लेखी माफी हवी.

मी तणतणत प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, मुलगी बरोबर होती, इंजेक्शन बदललंय, तुम्ही केसपेपर मागवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बरोबर असेल. पण वॉर्ड त्यांचे आहेत. उद्या त्यांनी आपल्या मुलींना वॉर्डात घेतलं नाही तर साठ जणींची प्रॅक्टिकलं तू कुठं घेशील? तुझ्या घरी?”

खरं सांगते, मी उत्तर शोधलंही नाही. पाच मिनिटांपूर्वी तणतणत गेलेली मी त्या केबिनमधून कोरा कागद घेऊन बाहेर आले.

मुलीला स्टाफरूममध्ये बसवलं. ती म्हणाली, “मॅडम, मी चुकीचं बोलले का?”

“नाही.”

“मग?”

“लिही,” मी म्हणाले. “मी सांगते तसं लिही.”

तिचं अक्षर फार सुंदर. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. माझ्या वर्तनाबद्दल मी दिलगीर आहे, इथपर्यंत पुरे झालं असतं. तेवढ्यावर ते मान्य करतील की नाही या भीतीनं मी आणखी एक वाक्य घातलं. यापुढे मी राउंडमध्ये बोलणार नाही. ते वाक्य कुणी मागितलं नव्हतं. माझ्या डोक्यातून निघालं ते. तिचं पेन एकदाच थांबलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पूर्ण वाक्य लिहिलं. खाली सही केली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले तर तिनं मान किंचित बाजूला घेतली.

ती बदलली असं वरवर कुणाला वाटलं नसतं. काम चोख, नोंदी आधीपेक्षाही सविस्तर. फक्त राउंड आला की ट्रे धरून भिंतीकडे सरकायची.

चौथ्या वर्षी तिची ड्युटी हाडांच्या वॉर्डात होती. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. तोंडाळ, सगळ्या वॉर्डाला नावं ठेवणाऱ्या, आणि हिला मात्र माय म्हणून हाक मारणाऱ्या. वेणी हिच्याकडूनच घालून घ्यायच्या. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी हिनं नोंदीत लिहिलं, “उजव्या पोटरीला सूज. दाबल्यावर दुखते. डाव्यापेक्षा गरम.” सहाव्या दिवशी लिहिलं, “सूज वाढली आहे.” वॉर्डच्या मुख्य सिस्टरना सांगितलं. त्या एकट्या, पेशंट चाळीस. त्या म्हणाल्या, नोंद कर आणि राउंडला सांग. हिनं नोंद केली. दोन्ही दिवस राउंड झाला. डॉक्टरांनी टाके बघितले, छान म्हणाले, पुढे गेले. पायावर चादर होती. ही भिंतीपाशी उभी होती.

सातव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आजी आधारानं उठल्या, चार पावलं चालल्या आणि कोसळल्या. पायातली रक्ताची गुठळी छातीत गेली होती. अर्ध्या तासात सगळं संपलं.

मी धावत वॉर्डात गेले तेव्हा मुलगी आजींच्या डोक्याशी उभी होती आणि त्यांची सुटलेली वेणी नीट करत होती. मी तिला व्हरांड्यात आणलं. नोंदींची फाईल माझ्या हातात होती. मी वाचली आणि माझा तोल सुटला. तिचा दंड धरून हलवत मी ओरडले, “तुला दोन दिवस माहीत होतं! राउंडमध्ये बोलली का नाहीस?”

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाली, “माफीत लिहून दिलंय न्हवं, मॅडम. राउंडमदी बोलणार न्हाई म्हणून. तुमीच सांगितलं होतं.”

मी तिचा दंड सोडला.

मग माझं लक्ष पुन्हा फाईलकडे गेलं. सहाव्या दिवसाच्या पानावर, सूज वाढली आहे या ओळीखाली, निळ्या शाईत एक सही होती. माझी. तपासणीसाठी सगळ्या मुलींच्या नोंदींवर शिक्षकाची सही लागते. आदल्या दुपारी वॉर्डातल्या टेबलावर फाईलींचा गठ्ठा ठेवून मी पान उलटत, सही ठोकत गेले होते. एकही ओळ वाचली नव्हती. दर गुरुवारी एकमेकांचं मोठ्यानं वाचा म्हणून बारा पोरांना शिकवणारी मी. आणि ही मुलगी सही होईपर्यंत माझ्यासमोर उभी होती, हे मला तेव्हा आठवलं. मी वाचीन म्हणून ती थांबली असणार. पान उलटल्यावर ती गेली.

चौकशी झाली. डॉक्टरांचा केसपेपर पूर्ण होता. आमच्या नोंदी पूर्ण होत्या, वर शिक्षकाची सहीसुद्धा. कुणाचीच चूक निघाली नाही. आजींच्या लेकानं मला हात जोडून विचारलं, “म्याडम, परवा तर बऱ्या होत्या ओ, कसं काय झालं?” मी त्याला गुठळीचं सांगितलं. सहीचं सांगितलं नाही. अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी वरून पत्र आलं. दोन्ही कॉलेजांनी मुलांना एकत्र शिकवल्याचा पुरावा द्यावा. लगेच खुर्च्या मांडल्या, फोटोवाला बोलावला. जुने गुरुवार कागदावर पुन्हा जिवंत झाले, आता त्यांना रकानाही होता. मी मुलींना बजावलं, कुणीही आलं तरी उठायचं नाही, फोटो चांगला यायला हवा. ती वर्गात पहिली, म्हणून पहिल्या ओळीत बसवली. फोटोवाला बटण दाबणार एवढ्यात मोठे डॉक्टर दारातून आत आले. सगळ्या बसून राहिल्या. ती उभी राहिली. “बस गं,” मी मागून म्हणाले. तिनं ऐकलं नाही. पहिल्या गुरुवारी सगळ्यात आधी बसलेली तीच होती.

आता ती पुण्यात आहे. एका विम्याच्या ऑफिसात पेशंटांचे कागद तपासते. शिक्षकदिनाला न चुकता फोन करते. वडील बरे आहेत, धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, असं सांगते. यंदा मी धीर करून विचारलं, “वॉर्डातली नोकरी का नाही घेतलीस गं? तुझ्यासारखी नर्स मी पाहिली नाही.”

ती म्हणाली, “हिथं बरं हाय, मॅडम. हिथं समोर पेशंट नसतंय. आन् मी लिहिलेलं वाचत्यात.”

मला तिला सहीचं सांगायचं होतं. वर्षभर मनाशी जुळवलेलं होतं सगळं. पण तिला ते माहीतच आहे. त्या दुपारी ती माझ्यासमोरच तर उभी होती. मी एवढंच म्हणाले, “जेवत जा वेळेवर.”

“हो, मॅडम,” ती म्हणाली, आणि माझ्या फोन ठेवण्याची वाट बघत राहिली. माझ्याआधी तिनं कधीच ठेवला नाही. मीही कितीतरी वेळ ठेवला नाही. दोघी तशाच फोन धरून होतो.